पास्कलदादांचे दहा मणी

मी एक जुनी चटई आहे, शिंदीच्या पानांची. राजोडी गावच्या बेटीआजीने मला विणले. मित्रांनो, तुम्ही माणसांना तोंडावरून ओळखता, मी गुडघ्यांवरून. कोण मनापासून टेकले आहे आणि कोणाचे लक्ष नंतर वाटायच्या उकडलेल्या चण्यांकडे आहे, ते मला बरोबर कळते.

ऑक्टोबरात आमच्या आळीत पवित्र मरियेची मूर्ती रोज एका घरी जाते. तिथे सगळे मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. पूर्वी मूर्तीसमोर मलाच अंथरत. मग निळी प्लास्टिकची चटई आली आणि मी शेवटच्या रांगेत गेले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण मागे बसणारी माणसेही हळूहळू आवडू लागली.

लूर्डसबाई त्यांतल्याच. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांच्या नवऱ्याची, पास्कलदादांची, वाचा गेली. "त्यांचा आवाज परत दे," एवढेच त्या मागत. गुडघे टेकून टेकून त्यांनी माझी पाती झिजवली. आवाज काही आला नाही.

यंदा मूर्ती त्यांच्या घरी आली, तेव्हा त्या नवऱ्याशेजारच्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. "मी नाय गुडघे टेकनार," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं कोनी ऐकलं?" मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या पायाशी पडून राहिले.

रोझरी सुरू झाली. रीत अशी, की माळेच्या प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. शेवटचे दहा मणी घरच्या कर्त्याचे. जुन्या सवयीने सगळे पास्कलदादांकडे बघत थांबले आणि चूक लक्षात येताच ओशाळले. शेजारचा वॉल्टर घाईने सुरुवात करणार, तोच लूर्डसबाई म्हणाल्या, "थांब रे. त्यांचं चाललंय."

दादांचे ओठ मिटलेले होते, पण अंगठा हातातल्या माळेच्या पहिल्या मण्यावर होता. तो पुढे सरकला, तशी सगळ्यांनी उरलेली प्रार्थना म्हटली. मग दुसरा मणी, मग तिसरा. कोणी घाई केली नाही. चौथ्या मण्याला लूर्डसबाई खुर्चीवरून उतरून माझ्यावर बसल्या आणि रडत रडत सगळ्यांत मोठ्याने म्हणू लागल्या. एवढे दिवस प्रार्थनेच्या वेळी नवरा नुसता बसून असतो, असे त्यांना वाटत होते.

आवाज अजून आलेला नाही. लूर्डसबाई अजून तेच मागतात, कधी रागावून, कधी हसत. आता मात्र दोघे मिळून मागतात. मी खूश आहे.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि ज्याचे मागणे अजून पुरे झाले नाही, त्याला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याचे होईपर्यंत थांबा.