शीलपरीक्षेचा गडू

रविवारी सकाळी खाडीकाठच्या करावे गावातल्या बायका मासळीच्या पाट्या घरी ठेवून मांडवात येऊन बसल्या होत्या. यावरूनच तत्त्वानंद स्वामींचा महिमा ओळखावा. शेजारच्या सीवूड्सच्या टॉवरांतली मंडळीही मोबाइल उंच धरून उभी होती. हे स्वामी म्हणे नुसते बुवा नव्हेत, तत्त्वज्ञ! त्यांच्या बोलण्यात एका वाक्यात उपनिषदं, दुसऱ्यात ग्रीस आणि तिसऱ्यात ते स्वतः.

"सॉक्रेटिस कोण होता?" स्वामींनी विचारलं आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "पूर्वजन्मीचा आमचा शिष्य! सद्गुण म्हणजे काय, हे विचारत बिचारा जन्मभर बाजारात हिंडला. का? त्याच्याकडे हा गडू नव्हता!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्वामींपुढे एक ओला पाट होता, पाटावर तांब्याचा गडू आणि गडूत 'कैलासावरचा' बर्फाचा चुरा. स्वामी त्यात मूठभर पांढरी विभूती टाकत. मग परीक्षा देणाऱ्याने चंदनाच्या काडीने ढवळत एकशे आठ वेळा नाम घ्यायचं आणि गडू उचलायचा. शील शुद्ध असलं तर गडू सहज उचलला जाणार. डाग असला तर तो पाट सोडणार नाही. मंडळाचे अध्यक्ष सिताराम यांनी तो लीलया उचलला. टॉवरमधल्या अमिताताईंनीही उचलला आणि आपण एवढ्या शुद्ध आहोत हे कळून त्यांना रडूच कोसळलं.

तिसऱ्या रांगेत गंगू लेकीचा हात धरून बसली होती. नवरा गेल्यावर तिने मासळीच्या धंद्यावर रुतिकाला वाढवलं होतं. रुतिका वाशीच्या कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाली, पुढच्या संशोधनासाठी हैदराबादला तिची निवड झाली आणि घरात ठिणगी पडली. गंगूचा दीर चांगदेव म्हणाला, "पोर एकटी परगावी राहनार? स्वामींसमोर परीक्षा होऊ दे. गडू सुटला तर खुशाल जाऊ दे. नाय सुटला, तर लगीन."

रुतिकाने साफ नकार दिला होता. गंगूने मात्र तिची मनधरणी केली, "माज्यासाठी चल. तू साफ हायस, मग भीती कसली?"

रुतिका पाटासमोर बसली. स्वामींनी गडूत नवा बर्फ भरला आणि आधीची डबी बाजूला सारून दुसरी उघडली.

"दोन डब्या कशाला?" रुतिकाने विचारलं.

"ती गृहस्थांची, ही कुमारिकांची. प्रश्न हा श्रद्धेचा शत्रू आहे, बाळ. खरं स्वातंत्र्य आज्ञेतच असतं."

"मग सॉक्रेटिस तुमचा शिष्य कसा? त्याला तर प्रश्न विचारल्याबद्दलच विष प्यावं लागलं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. "ढवळ!" स्वामी गरजले.

रुतिकाने ढवळलं आणि गडू उचलला. गडूसोबत अख्खा पाट वर आला.

 मांडवात कुजबुज सुरू झाली. "बगा वयनी, बोललेलो की नाय?" चांगदेव म्हणाला. आणि एक क्षण, एकच क्षण, गंगूने लेकीच्या तोंडाकडे संशयाने पाहिलं. रुतिकाला ते दिसलं. तिने नजर वळवली.

 गंगूची मान शरमेने खाली गेली आणि डोळे गडूवर पडले. सितारामने उचलला तेव्हा गडूला बाहेरून नुसते पाण्याचे थेंब आले होते. आता मात्र त्यावर गोठलेल्या दहिवराचा पांढरा थर धरला होता. मासळीच्या बर्फाचे असले पांढरे डबे गंगूने आयुष्यभर हाताळले होते. ती उठली, तिने गडूत बोट बुडवलं आणि चाखलं.

"मीठ हाय हे!"

"अपवित्र हात!" स्वामी डब्यांवर झडप घालायला धावले, पण दोन्ही डब्या आधीच गंगूच्या हातात गेल्या होत्या.

"हात मासलीचा हाय, पन साफ हाय. बर्फात मीठ घातला का तो आनकी थंड होतो. डबा ओल्या फलीवर असला तर खालचं पानी गोठतं नि डबा फलीला धरतो. आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोराला म्हाईत हाय." तिने गृहस्थांची डबी अमिताताईंपुढे केली. "नि ही तुमची विभूती चोळून बगा, ताई."

अमिताताईंनी बोटांत चोळून पाहिली. ती रांगोळी होती!

गंगूला हे आधीच का दिसलं नाही? बर्फ कैलासाचा म्हटल्यावर स्वतःची अक्कल तिने चपलांसोबत मांडवाबाहेर काढून ठेवली होती. तिथल्या सगळ्यांनीच ठेवली होती.

"भावजी, आता तुमी बसा," ती चांगदेवला म्हणाली. दुसरा गडू, ओला पाट, नवा बर्फ, त्यात कुमारिकांची विभूती. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हटल्यावर चांगदेवला बसावंच लागलं. त्याने ढवळलं, उचललं आणि पाट उचलला गेला.

हशा उसळला. "चांगदेवाच्या शीलाला डाग!"

"हसू नका!" गंगू कडाडली. "त्यांचं शील जसं होतं तसंच हाय. मीठ घाला, कोनाचाबी गडू चिकटंल. मानूस चांगला का वाईट, ते तो वागतो कसा त्यावरून बगायचं. ते गडूला काय कलनार?"

स्वामी मागच्या वाटेने निघाले होते. सितारामने त्यांची वाट अडवली आणि अमिताताईंनी पोलिसांना फोन लावला.

गंगू लेकीकडे वळली. "सुटली गो माजी बाय! आता जा हैदराबादला."

रुतिका हसली नाही. "आई, आणि त्यांनी मला रांगोळीची डबी दिली असती तर? गडू सुटला असता. तू खूश झाली असतीस. उद्या दुसऱ्या कोणाची मुलगी इथे बसली असती आणि तिचा चिकटला असता."

 लबाडी गंगूने पकडली होती, पण परीक्षेला हो तिनेच म्हटलं होतं. लेक साफ आहे हे ठाऊक असताना ते परक्या माणसाकडून वदवून घ्यायला तिला इथे आणलं होतं. आणि त्याच्या गडूसोबत पाट वर येताच पंचवीस वर्षं ओळखीच्या पोरीवर संशय घेतला होता. लबाड पकडला की आपण शहाणे झालो असं आपल्याला वाटतं. पण त्याच्यापुढे जाऊन बसायची सवय सुटली नाही, तर उद्या नवा बुवा नवा गडू घेऊन येतोच.

गंगूने लेकीचा तो पाट गडूसकट उचलला, बर्फ वितळून आपसूक सुटावा म्हणून मांडवाबाहेर उन्हात नेऊन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकी माजी हाय. माज्या पोरीनं गडूला हात लावायचाच नव्हता. यापुढं कोनी माज्या लेकीची परीक्षा मागितली, तर त्यानं आधी मना सांगायचं, तो कोन विचारनारा?"