जिभेची दोरी

'कॉन्स्टन्सी'ला गुडघे होते, गाल होते, कंबर होती, टाच होती. तिच्या शिडांना पोट होतं, आणि दोर ताणून धरणाऱ्या तीन भोकांच्या लाकडी चकत्यांना तर खलाशी सरळ मेलेले डोळे म्हणत. मागच्या डोलकाठीवर जी तिरकी काठी चढवतात तिला जबडा असतो आणि जबड्याशी गळा असतो, हे प्लिमथच्या धक्क्यावरची मासेवालीसुद्धा सांगेल. चौऱ्याहत्तर तोफांच्या त्या युद्धजहाजावर सहाशे माणसं राबत होती, खात होती, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपत होती, पण जबडा आहे, गळा आहे, तर मग जीभ कुठाय, हा विचार त्यांतल्या एकाच्याही मनात कधी आला नाही. तो आला ओबेड पास्कोच्या मनात, कारण असले विचार राहायला दुसरीकडे जागा शोधतच नसत.

पास्को एकसष्ट वर्षांचा होता आणि त्यांतली चव्वेचाळीस वर्षं पाण्यावर गेली होती. नव्या माणसाला डॉक्टरकडे पाठवून 'वाऱ्याची किल्ली' मागायला लावणं, पाद्रीबुवांच्या झग्याची बाही रविवारच्या प्रार्थनेआधी शिवून ठेवणं, हे त्याचे साधे उद्योग. मोठे उद्योग सांगण्यासारखे नाहीत. त्या वर्षी जहाज फ्रेंचांच्या बंदराबाहेर आठ महिने येरझाऱ्या घालत होतं. आत फ्रेंच बाहेर यायला तयार नव्हते, बाहेर इंग्रज घरी जायला मोकळे नव्हते, आणि त्या कंटाळ्यात म्हाताऱ्याची थट्टा लोकांना खारवलेल्या डुकरावरच्या मोहरीसारखी लागे.

पण या थट्टेखोर म्हाताऱ्याने एक गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती. त्याचे डोळे जात होते. दोन वर्षांपूर्वी कडेने धुकं सुरू झालं, ते हळूहळू मध्यावर आलं, आणि आता समोरच्या माणसाचं तोंड त्याला सोललेल्या उकडल्या बटाट्यासारखं दिसे. माणसं तो खोकल्यावरून ओळखी, पावलांवरून ओळखी. काम तर त्याहून सोपं होतं. मागच्या डोलकाठीजवळ डाव्या कठड्याला अकरा खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीला एकेक दोर गुंडाळलेला. हुकूम आला की पास्को डाव्या अंगठ्याने खुंट्या मोजत जाई आणि बरोबर तो दोर सोडी. सातवा त्या तिरक्या काठीच्या गळ्याचा, सहावा तिच्या शेंड्याचा. डोळसांनाही इतक्या झटपट जमत नसे. हे उघडं पडलं असतं तर पुढच्या वेळी जहाज पाणी भरायला प्लिमथला गेलं की त्याला उतरवलं असतं, आणि किनाऱ्यावर त्याचं कुणी नव्हतं. एक बहीण होती, ती त्याच्या जुन्या एका थट्टेनंतर बोलत नव्हती. भिंतीला पाठ लावून, लाटांचा आवाज लांबून ऐकत मरण्याची त्याला फार भीती वाटे, आणि जेवढी भीती वाटे तेवढ्या तो थट्टा वाढवी.

अशात सायलस थर्लो आला. चाळिशीचा, अवाढव्य, शांत माणूस. त्याच्या परगण्याने आरमारासाठी आपल्या वाट्याची माणसं द्यायची म्हणून याला धरून दिला होता. गावच्या चर्चमध्ये तो घंटा वाजवी. वीस वर्षं दोर ओढले होते, पण समुद्र पाहिला नव्हता. दोरांची नावं शिकवायला सरंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्याला पास्कोच्या हवाली केला.

जेवणाच्या फळीवर, वाटाण्याच्या घट्ट आमटीत बिस्किट बुडवत पास्को म्हणाला, "घंटेवाल्या, गळ्याचा दोर कळला?"

"कळला."

"शेंड्याचा?"

"कळला."

"आणि जिभेची दोरी?"

शेजारी बसलेला डिगरी ह्युइट आमटीत ठसकला. डिगरी पास्कोच्याच गावाकडचा, पंधरा वर्षांचा सोबती. थट्टेला साक्षीदार लागतो तो हा.

"ती नाही दाखवलीत," थर्लो म्हणाला.

"दाखवायची कसली? डोळ्यांना दिसायची नाही. तिसऱ्या आणि चौथ्या खुंटीच्या मधे. जहाज रुसल्यासारखं चालायला लागलं की चार हात ओढायची आणि गुंडाळायची. जा, आत्ताच ओढून ये. जेवण काही पळत नाही."

थर्लो उठला, डोकं वाकवून शिडी चढून वर गेला. डिगरीने तोंडात रुमाल कोंबला. "म्हाताऱ्या, मेल्यावर तुला नरकात पण घेणार नाहीत."

"घेतील की. तिथे पण नवी माणसं येतच असतात."

थर्लो परत आला तो तळव्यांवर ताजं डांबर घेऊन. खाली बसला, चमचा उचलला. "ओढली. चार हात."

"आणि?"

"लागली ओढ. वरून," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

सगळी फळी हसली. पास्कोही हसला, पण त्याला मनातून बरं वाटलं; गडी वाटतो तितका भोळा नाही, आपलीच थट्टा आपल्यावर उलटवतोय, म्हणजे म्हातारपणी एक जोडीदार मिळाला म्हणायचा. त्याने ते पुढे चालू ठेवलं. "घंटेवाल्या, जीभ कशी आहे आज?" असं तो सकाळी विचारी, आणि थर्लो "सैल होती, घेतली थोडी," असं सांगे, आवाजात कुठे हसू नाही, कुठे चेष्टा नाही. आठवड्याभरात ते सगळ्या जहाजावर झालं. वारा पडला की कुणीतरी ओरडे, "अरे, जीभ ओढा!"

मग एका दाट धुक्याच्या सकाळी, ज्या धुक्यात सगळेच पास्कोएवढे आंधळे होते, तिरकी काठी खाली घ्यायचा हुकूम आला. "गळा सोडा!" पास्कोचा अंगठा कठड्यावरून सरकला, सातव्या खुंटीवर थांबला, दोर सुटला. वर काहीतरी कर्रकन वाकलं, काठीचं टोक धाडकन खाली आलं आणि एका माणसाच्या खांद्याला घासून कठड्यावर आदळलं. पास्कोने गळ्याचा सोडायचा तो शेंड्याचा सोडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लेफ्टनंट रॅथबोनची पावलं जवळ आली. हा साहेब कधी हसत नसे. पास्कोने त्याच्यावर थट्टा करून पाहिली होती, ती दगडावर पाणी पडावं तशी वाहून गेली होती. "पास्को, झोपला होतास?"

"नाही साहेब. हात घसरला."

"हात," लेफ्टनंट म्हणाला, आणि बराच वेळ तिथून हलला नाही. पास्कोला कळलं, साहेब आपल्या हाताकडे पाहत नाहीये.

धुकं विरल्यावर त्याने खुंट्या मोजल्या. बारा भरल्या. पुन्हा मोजल्या, उलट्या बाजूने मोजल्या. बाराच. तिसरी संपली की अंगठ्याखाली एक जास्तीची यायची, बाकीच्यांपेक्षा किंचित गुळगुळीत, जशी फार वर्षं हाताखालून गेलेली असावी तशी. तिच्या दोराला त्याने हात लावला नाही. का लावला नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं; चव्वेचाळीस वर्षांत दोराला हात लावायला तो कधी कचरला नव्हता.

"डिगरी," तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "पैज. बघू तुला किती येतात मोजता. या कठड्याला खुंट्या किती?"

"अकरा," डिगरी न मोजताच म्हणाला.

"मोज की, आळशा."

डिगरीने मोजल्या, त्याचं बोट प्रत्येक खुंटीवर टकटक वाजत गेलं. "अकरा. काय जिंकलो?"

मग त्याने थर्लोला विचारलं. थर्लोचं बोट वाजलं नाही, तळवा नुसता फिरला. "बारा."

"डोळे उघडे ठेवून मोजल्यास?"

"मिटून. दोर कुठे डोळ्यांनी मोजायचे असतात? आमच्या घंटाघरात खिडकी नव्हती, पास्कोकाका. वर काय टांगलंय ते मी वीस वर्षांत कधी पाहिलं नाही. ओढलं की ते बोलायचं, एवढंच."

त्या दिवसापासून पास्कोने बारा मोजायला सुरुवात केली, म्हणजे गळ्याचा आठवा. काम पुन्हा बिनचूक होऊ लागलं, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला आतून पोखरू लागली. चूक होत राहिली असती तर बोटं म्हातारी झाली असं म्हणता आलं असतं. तो पुष्कळ विचार करी. जहाजावर वस्तू आधी नसते, नाव आधी असतं; हुकूम नावाने येतो, हात नावाकडे धावतो, आणि एकदा शंभर हात एका नावाकडे धावू लागले की तिथे धरायला काही असावंच लागतं. पण हे तर त्याने आमटी खाता खाता तोंडातून काढलेलं नाव होतं. त्याने ते दुसरीकडून कुठून ऐकलं होतं का? त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना.

मंगळवारी वारा फिरला आणि सरंगाने एकामागून एक हुकूम फोडले. हा सोडा, तो ओढा, बांधा, आणि त्यातच, त्याच घोगऱ्या आवाजात, "जीभ सैल करा!" पास्कोच्या शेजारून कुणीतरी वाकलं, दोर सळसळला, पुन्हा बांधला गेला. कुणी हसलं नाही.

दुपारी त्याने डिगरीला गाठलं. "तू हसला नाहीस?"

"कशाला?"

"सरंगाने जिभेचा हुकूम दिला तेव्हा. माझी थट्टा शेवटी सरंगापर्यंत गेली की रे."

डिगरीने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली, हे पास्कोला ऐकू आलं. "आजा, बरं आहे ना तुझं? मला ती दोरी तूच शिकवलीस. नवा होतो तेव्हा. चार हात, तिसरी आणि चौथीच्या मधे."

"परवा तू अकरा मोजल्यास."

"मी? बाराच आहेत. बाराच होत्या." मग त्याने आवाज उतरवला. "म्हाताऱ्या, तुझ्या डोळ्यांबद्दल लोक बोलायला लागलेत. मी कुणाला काही बोललो नाही. पण सांभाळ."

पास्को ते मनात घोळवत राहिला. एक तर सबंध जहाज मिळून त्याची थट्टा करत होतं, आणि ती इतकी सुंदर, इतकी शिस्तीची थट्टा होती की ती आपण केली नाही याचं त्याला वाईट वाटलं असतं. किंवा नव्हतं करत.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि मागच्या डेकवरची माणसं पांगायच्या आत लेफ्टनंट रॅथबोन म्हणाला, "थांबा सगळे. गुरुवारी आपण प्लिमथला पाणी भरणार. त्याआधी मला एक खात्री करून घ्यायची आहे. पास्को, कठड्याशी उभा राहा. मी नाव घेईन त्या दोरावर हात ठेव."

ऊन चांगलं होतं. पास्कोला ते कपाळावर लागत होतं, आणि समोर तीस-चाळीस उकडलेले बटाटे उभे होते. त्यातला एक डिगरी, एक थर्लो. लेफ्टनंटने नावं उलटसुलट घेतली, शेवटचा आधी, मधला नंतर. पास्कोचा अंगठा बारांच्या हिशेबाने पळत राहिला आणि एकदाही चुकला नाही. अकरावं नाव झालं तेव्हा मागून कुणीतरी "शाब्बास म्हातारबा" असं पुटपुटलं, आणि पास्कोच्या छातीतून आठ दिवसांचा श्वास बाहेर पडला.

"एक राहिली," लेफ्टनंट म्हणाला. "तिसरी आणि चौथीच्या मधे. तिचं नाव काय?"

पास्कोने वाट पाहिली. आता कुणाला तरी हसू फुटेल, आता डिगरी ठसकेल. पाणी जहाजाला चाटत होतं, बाकी आवाज नव्हता.

"जिभेची दोरी, साहेब."

"सोड."

त्याने हात ठेवला. दोर कोमट होता, उन्हाने तापतो तसा बाहेरून नव्हे, आतून. त्याने एक वेढा काढला, दुसरा काढला, आणि दोर आपणहून वर सरकू लागला, घाई न करता, वजन तोलत, जसं वरचं काहीतरी बेताने उतरवलं जातंय. त्याच क्षणी समोरचे सगळे बटाटे मागे कलले. सगळ्यांनी वर पाहिलं होतं.

आणि मग ते हळूहळू खाली यायला लागले. तीस-चाळीस तोंडं, एका लयीत, वरून खाली येणाऱ्या कशाचा तरी माग काढत.

पास्कोही वर पाहत होता. त्याला पांढरं दिसत होतं, जसं रोज दिसे. चाळीस माणसांना काहीच नसताना वर पाहायला लावायचं, ही युक्ती त्याने स्वतः लिस्बनच्या धक्क्यावर केली होती. काही नसताना 'दिसतं' म्हटलं तर आंधळा ठरणार, आणि असताना 'नाही' म्हटलं तरी आंधळाच ठरणार. त्याने कान टवकारले. चाळीस माणसांतला एखादा तरी हसू दाबताना नाकातून सुस्कारतो. असा माणूस असतोच असतो. कुणी सुस्कारलं नाही. कुणी श्वासच घेत नव्हतं. दोर हातातून जातच होता, चार हात केव्हाच संपले होते.

"पास्को," लेफ्टनंट म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच हुकूम नव्हता. "तुला दिसतंय ना?"

"दिसतंय, साहेब."

"नीट?"

"अगदी स्वच्छ."

तोंडं आता जवळजवळ सरळ झाली होती, म्हणजे ती पास्कोच्या डोक्याच्या थोडं वर पाहत होती.

"मग बाजूला हो," लेफ्टनंट हळू आवाजात म्हणाला.

पास्कोने एक पाय उचलला, आणि कुठल्या बाजूला ठेवावा ते न कळून तसाच अधांतरी धरून उभा राहिला.