लूएलाचे तांदूळ-खिम्याचे गोळे

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका शेतघराच्या ओव्हनमध्ये म्हातारं झालेलं, जाड काचेचं भांडं आहे. दुकानातून आलं तेव्हा लख्ख होतं. आता माझ्या कडांवर टोमॅटोचे तपकिरी डाग आहेत, किती घासले तरी न जाणारे.

माझी मालकीण लूएला. गोमांसाच्या खिम्यात ती कच्चाच तांदूळ कालवायची आणि गोळे वळून माझ्यात मांडायची. वर टोमॅटो सूपचा डबा ओतायची, मग तोच डबा पाण्यानं भरून पुन्हा ओतायची. ते पाणी पिऊन तांदूळ फुलायचा, साळिंदराच्या काट्यांसारखा गोळ्याबाहेर यायचा. चर्चच्या तळघरातल्या जेवणात सगळ्यांत आधी माझाच तळ दिसे. फार मिरवलं मी!

पुढे लूएला विसरू लागली. लेक डार्लीन शहरातून आली आणि बापाला, ऑर्विलला, म्हणाली, "बाबा, आईनं एकटीनं एक जेवण नीट करून दाखवावं, मी गप्प बसते. नाहीतर सोमवारी तिला वृद्धाश्रमात न्यायचं. आणि तुम्ही मध्ये लुडबुडायचं नाही!"

"अगं, गोळे ती झोपेतसुद्धा करील," ऑर्विल म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

वळलेही तिनं, अगदी सारखे. सूप ओतलं. डबा नळाखाली भरला, खळखळून विसळला आणि ते पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. अरे देवा! मी ओरडावं तर तोंड असून मुकं. वर झाकण बसलं.

जेवताना डार्लीनच्या दाताखाली तांदूळ कटकन वाजला. ऑर्विल मात्र कडाकडा चावत म्हणाला, "वा, लूएला! आज तर कमालच केलीस."

"चल, खोटारड्या! कच्चे आहेत," ती म्हणाली. मग तिनं ताटली दूर सारली. "पण माझं काय चुकलं, ते तरी सांगा ना कुणी."

कुणाला ठाऊकच नव्हतं. सोमवारी तिला नेलं.

त्या संध्याकाळी उरलेले गोळे गरम करताना करपू नयेत म्हणून ऑर्विलनं माझ्यात पाणी घातलं आणि मला पुन्हा ओव्हनमध्ये ठेवलं. तांदूळ मऊ फुलला. पहिला घास तोंडात जाताच म्हातारा टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला. त्यानंतर आमचा ओव्हन पेटलेला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. फोडलंत तरी चालेल. पण हात चुकू लागलेल्या माणसाची परीक्षा घेऊ नका, त्याच्या शेजारी उभे राहा. लूएलाचं काय चुकलं? त्या दिवशी स्वयंपाकघरात ती एकटी होती, एवढंच.