सुनेत्राआत्याचा वाडगा

मार्गशीर्षातली दुपार. नदीच्या संथ, शेवाळगर्भ पाण्यावर उन्हाचं सोनं नुसतं सांडून पडलेलं. पैलतीरावर चार बगळे, शुभ्र, निश्चल, जणू कुणी उभं राहा म्हटलं आणि मग बसा म्हणायचं विसरूनच गेलं. गार वारा, कोवळा वारा, पाण्याच्या अंगावर काटा आणणारा वारा.

काठावरच्या त्या चिमुकल्या, काचभिंतींच्या व्हिएतनामी रेस्टॉरंटात मात्र वाफांचं साम्राज्य. चक्रीफुलाची वाफ, दालचिनीची वाफ, विस्तवावर काळ्या भाजलेल्या कांद्या-आल्याची वाफ! पहाटेपासून मंद मंद उकळणाऱ्या रश्शाचा तो गंध, दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात हात टाकणारा.

केतकीच्या घरातला एकूण एक आनंद इथेच येऊन जेवला होता. बाबांची बढती इथे. आईची नवी गाडी इथे. गेल्याच महिन्यात केतकी वक्तृत्वात पहिली आली, तर तोही जल्लोष इथेच. फोच्या, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या नूडल्सच्या, ऊन ऊन वाडग्यांवर पुदिन्याच्या हिरव्यागार पानांची नुसती बरसात.

आणि ही वाट दाखवली कुणी? सुनेत्राआत्यानं. बाबांची थोरली बहीण. भूगोलाची बाई. मेघगंभीर आवाजाची, सातमजली हसण्याची. लिंबू पिळताना डोळे मिटणारी, मिरचीला न भिणारी, आणि नूडल्स अशा सुर्रकन ओढणारी की शेजारच्या टेबलावरची सभ्य माणसं माना वळवून बघायची. "गुपचूप खायचं असेल तर घरी वरणभात खावा की," ती त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

तो आवाज आता नव्हता. वर्षभरात आत्याचे स्नायू एकेक करून विझत गेले होते, देवळातल्या दीपमाळेवरच्या पणत्या विझाव्यात तसे. आधी पाय. मग जीभ. मग शब्द. आता गळा. सोमवारी पोटात नळी बसणार होती. मग तोंडानं काही नाही. घोटभर चहा नाही, कणभर साखर नाही.

आज शनिवार. आज तिचा पंचावन्नावा वाढदिवस.

"एक नूडल तरी ती खाणारच. मी भरवणार," केतकीनं घरात जाहीर करून टाकलं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं. आईनं नको म्हटलेलं. पण सोळा वर्षांची, नुकता स्वतःचा आवाज सापडलेली मुलगी ती! भरलं सभागृह जिनं गप्प केलं, तिला एक घास उतरवता येणार नाही होय?

मालकीण लिएनमावशी वाडगा घेऊन आली. वीस वर्षं पुण्यात मुरलेली, मराठीत भाजीवाल्यांशी भांडणारी. तिच्या माहेरची रीत अशी, की वाढदिवसाच्या माणसाला लांबच लांब नूडल्स वाढायच्या आणि त्या तोडायच्या नाहीत. जेवढी लांब नूडल, तेवढं लांब आयुष्य. केतकीच्या घरानं ही रीत कधीच आपलीशी केली होती. वाढदिवशी मध्येच दातानं तोडलं तर आत्याच पाठीत धपाटा घालायची.

शुभ्रवर्णी, तलम, लडिवाळ ती नूडल. केतकीनं काड्यांनी अलगद उचलली. अखंड. अभंग. आत्याच्या ओठांशी नेली. आत्याचे डोळे लकाकले, ओठ हलले, नूडल आत सरकली. एक बोट, दोन बोटं, चार बोटं...

आणि अडकली.

खोकला आला तो वादळासारखा. आत्याचा चेहरा जास्वंदीसारखा लाल, मग जांभळा, मग राखेसारखा. बाबांनी तिला पुढे वाकवलं, आईनं पाठ थोपटली, केतकीनं ती नूडल बाहेर ओढून काढली. किती लांब होती! किती भयंकर लांब!

श्वास परतला. हळूहळू, रडतखडत, पण परतला.

लिएनमावशीनं टेबलावर कात्री ठेवली.

कुणी तिला हात लावेना. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग आत्यानंच, अजून हलणाऱ्या एका बोटानं, मोबाइलवर अक्षर अक्षर टिपलं आणि केतकीकडे सरकवलं.

"काप गं. मी काही रागवत नाही."

केतकीनं कापलं. कच्. कच्. कच्. रश्शात लांबी विरघळत गेली. नखाएवढे तुकडे, तांदळाएवढे तुकडे, शुभ्र, अनाथ, तरंगते तुकडे. आयुष्यात इतकं हळू तिनं काही केलं नव्हतं. चमच्याच्या टोकावर एकच तुकडा. आत्याच्या जिभेवर एकच तुकडा.

तुकडा जिभेवरच राहिला. गळा हलला नाही. मग ओठांच्या कडेनं तो हनुवटीवर ओघळला, आणि आईनं रुमालानं टिपून घेतला.

पुन्हा एकदा. पुन्हा तसंच.

आत्यानं मान हलवली. पुरे. बोट पुन्हा फोनवर, मुंगीच्या पावलांनी.

"वाढदिवसाचं टाकायचं नसतं. तू खा. आवाज करून खा."

वाडगा केतकीसमोर आला. तिनं चमचा भरला. आवाज करावा असं काही त्यात उरलंच नव्हतं. ओढायला लांबी नव्हती, चावायला दळ नव्हतं. समोर आत्या बघत होती, भुकेल्या, मायाळू, अनिमिष डोळ्यांनी, प्रत्येक चमच्यामागे स्वतःचे ओठ किंचित उघडत, किंचित मिटत. आणि केतकीच्या गळ्याखाली ते पांढरे तुकडे उतरत राहिले. एकामागून एक, एकामागून एक, बिनबोभाट, बिनअडथळा, पायरी पायरीनं पाणी उतरावं इतके सहज, इतके निर्दय सहज.