रंग उडवायचं कपाट

मी एस.टी.च्या बसगाड्या करतो. लाकडाच्या, वीतभर लांब. आठवडाभर मुंबईला जाऊन-येऊन एका कंपनीत नकाशे काढतो आणि रविवारी दुपारी नंदाखाल गावातल्या घरी पडवीत बसून विरार-आगाशी गाडी घडवतो. का, ते विचारू नका. माझी बायको इनेझ लग्नापासून विचारते आहे आणि मला अजून सांगता आलेलं नाही.

ब्रशने रंग दिला की पट्टे उठतात, आणि पट्टे उठलेली एस.टी. मला बघवत नाही. म्हणून रंग फवारायचं ठरवलं. गॅरेजवाल्या व्हिन्सेंटकडून जुनी छोटी स्प्रे-गन आणली. कॉम्प्रेसर कुठला परवडायला? ट्रकची ट्यूब सायकलच्या दुकानातून फुगवून आणायची आणि गन तिला जोडायची. जमलं की. फक्त लाल रंग गाडीपेक्षा दोरीवरच्या चादरींवर जास्त बसला आणि थिनरच्या वासाने आय खोकून बेजार झाली. इनेझ म्हणाली, या घरात एक तर बस राहील नाही तर मी. मला विचार करायला वेळ लागला, ते तिला आवडलं नाही.

मग मी रंगासाठी वेगळी खोलीच करायला घेतली. खोली कसली, वाळवी लागलेलं उभं कपाट. फळ्या काढल्या, आत स्टूल ठेवलं, पाठीमागे भोक पाडून भंगारातल्या टेबल फॅनचं डोकं बसवलं. पहिल्यांदा ते उलटं बसवलं आणि सगळा रंग माझ्याच तोंडावर आला. दोष पंख्याचा की माझा, हे मला आठवडाभर कळत नव्हतं. इनेझला लगेच कळलं. हवा आत यायला कपाटाच्या एका बाजूची फळी कापून दुधाच्या जुन्या कपाटाची जाळी ठोकली. दाराऐवजी जांभळा पडदा लावला. नाकातोंडाला रुमाल बांधून आत बसायचं, पडदा ओढायचा आणि फवारायचं.

आता आयचं सांगतो. आय म्हणजे माझी आई, इझाबेल. तिचं विसरणं वाढत चाललं होतं. माझी बहीण हिल्डा माहेरी आली तर आय तिला विचारायची, कोणाकडे आलीस, बाय? हिल्डा परसात केळींच्या आड जाऊन रडायची. मला मात्र आय विसरली नव्हती. मी दारात दिसलो की हसून 'सिप्रू' अशी हाक मारायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू सगळेच पुसले जातील. मी मनात म्हणायचो, जातील, पण मी नाही जाणार. मला त्याचा गर्व होता, आणि हिल्डासमोर तो झाकायची अक्कलही मला नव्हती.

ईस्टर तोंडावर आला होता. त्या रविवारी दुपारी एका बसचं छप्पर रंगवत होतो, तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. येईल आत्ता म्हणून तसाच अंधारात बसून राहिलो. बाहेर पावलं वाजली, फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज आला आणि जाळीपलीकडे आयचा चेहरा दिसला. तिने क्रुसाची खूण केली.

"फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे."

मला काही उमगेना. मग उमगलं. जांभळा पडदा, बाजूला जाळी, आत बसलेला माणूस. गावातल्या कोणत्याही पोराने पाहताच सांगितलं असतं की सिप्रियनने घरात कुमसाराची, देवळात फादरपुढे पापं कबूल करायची असते तशी, पेटी बांधली आहे. आयला देवळापर्यंत चालवत नव्हतं, आणि ईस्टरच्या आधी पापं सांगायची तिची आयुष्यभराची सवय. ही गोष्ट तिला विसरता आली नव्हती.

पहिलं वाक्य तिने पुस्तकातलं म्हटलं. पुढचं घरच्या बोलीत आलं.

"घरान एक माणूस हाय. मना आय म्हणतो. मी त्याला वळखत नाय, फादर. ती बाय त्याला सिप्रू हाक मारते, म्हणून मी पण मारते. खोटंच. काय करू? नाय मारली तर त्याचं तोंड उतरतं."

बाहेर येऊन आय, मीच तो, असं सांगावं? पण मी म्हणजे कोण, हेच तर तिला कळत नव्हतं. गप्प बसावं? ती प्रायश्चित्त घेतल्याशिवाय उठणार नव्हती, आणि तिचे गुडघे फरशीवर दुखत होते. फादर होऊन बोलावं तर ते पाप कुठल्या पेटीत जाऊन सांगायचं? मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कोणावर, ते मात्र सापडत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, "तो माणूस वाईट वागतो का तुमच्याशी?"

"नाय, नाय. चांगला हाय बिचारा. पेज भरवतो." ती जाळीजवळ सरकली. "हाक मारू नको का आता?"

"मारत जा," मी म्हटलं. "तेच तुमचं प्रायश्चित्त."

तिला हायसं वाटलेलं दिसलं. जाळी धरून उठता उठता ती म्हणाली, "फादर, माझ्या पोरासाठी एक मिस्सा सांगा. सिप्रियन नाव त्याचं. लय दिवस झाले, आला नाय. असेल तिथं जेवलेला असू दे." पोराच्या नावाने देवळात फादरनी प्रार्थना करावी, एवढंच मागणं. मी हो म्हटलं. ती भिंतीला धरून आत गेली. वीज आली, पंखा सुरू झाला.

दिलेला शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना देवळात गेलो आणि फादरना म्हटलं, एक मिस्सा सांगायची आहे, सिप्रियनसाठी. हयात की मयत, त्यांनी विचारलं. मी हयात म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या नावाचा गावात दुसरा कोण आहे रे?"

"आयच्या ओळखीचा आहे, फादर," मी म्हटलं.