पिल्लासाठी पाहिलेलं घर

संध्याकाळी ऑफिसातून परत येऊन कुलपात किल्ली फिरवताना मायाला रोज नको नको व्हायचं. दार उघडलं, की सकाळी ठेवलेलं घर जसंच्या तसं समोर यायचं. टेबलावरची चहाची बशीसुद्धा जागची हललेली नसायची. लेक नागपूरला शिकायला गेलेली. नवरा संघपाल तेल्हाऱ्याच्या शाळेवर मास्तर, तिथेच खोली करून राहायचा आणि शनिवारी यायचा. अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत उरली एकटी माया आणि तिचा कुलर.

वाचकहो, असं घर आज आपल्यापैकी पुष्कळांचं आहे. पोरं परगावी, नवरा-बायको दोन गावांत नोकरीला, दाराला कुलूप. अशा घरात कुणी कुंड्या भरतं, कुणी माणसांचा आवाज हवा म्हणून टीव्ही मोठा करून ठेवतं. मायाला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं. समोरच्या घरातलं कुत्रं मालकाच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकालाच ओळखायचं आणि फाटकावर उड्या मारायचं. माया खिडकीतून बघत राही. आपल्या येण्याने या जगात कुणाला तरी इतका आनंद व्हावा, असं तिला फार फार वाटे. त्या घरात दिवसभर आजी-आजोबा असतात, हे मात्र कधी तिच्या ध्यानात आलं नाही.

जातिवंत कुत्र्याची किंमत तिने एकदा विचारली आणि कानाला खडा लावला. दोन ठिकाणचं घरभाडं, लेकीचं वसतिगृह, त्यात ही हौस कुठून परवडणार? पण गावचं पिल्लू फुकट मिळतं. त्याला घालायला उरलीसुरली पोळी आणि वाटीभर दूध, अंथरायला जुनी गोधडी. झालं बजेट! फुकट आलेली वस्तू स्वस्त पडते, हा आपल्या सगळ्यांचाच लाडका गैरसमज आहे.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी ती वलगावला गेली, तेव्हा योग जुळून आला. संघपालची आत्या, जाईबाई, तिथे राहते. तिच्या चांदी नावाच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक तपकिरी, पुढच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखं, मायाच्या मांडीवर चढलं आणि तिच्या ओढणीचा कोपरा तोंडात धरून झोपी गेलं. बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते, तरी मायाने मांडी हलवली नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. लेक तान्ही असताना अशीच झोपायची, हे तिला आठवलं आणि डोळे भरून आले.

तिने पिल्लू मागितलं. जाईआत्या लगेच हो म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. आत्या म्हणाली, "घर पाह्यल्याबिगर आपुन पोरगी देतो काय? मंग पिल्लू कावून द्याव? मी येतो अकोल्याले. घर पाहतो, मंग सांगतो."

बायका खो खो हसल्या. कुत्र्याच्या सोयरिकीला म्हातारी वरपक्षाचं घर बघायला निघाली, म्हणून पोरांनी तिला चिडवलंही. आत्या हसली नाही. मागच्या वेताचं एक पिल्लू तिने शहरातल्या एका जोडप्याला न विचारता न पाहता दिलं होतं. त्यांनी त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं, फोटो काढले, लाड केले. पिल्लू वाढलं, चपला कुरतडू लागलं, घरमालक ओरडला, तेव्हा दोघं चिखलदऱ्याला फिरायला गेले आणि येताना त्याला तिथेच एका पॉइंटवर सोडून आले. गावातल्या जीपवाल्याने गळ्यातल्या घुंगरावरून त्याला ओळखून परत आणलं, तोवर त्याची नुसती हाडं उरली होती. ते फार दिवस जगलं नाही. तेव्हापासून आत्या घर पाहिल्याशिवाय पिल्लू देत नाही.

मायाला राग आला नाही, उलट हुरूप आला. तिने घर घासूनपुसून लख्ख केलं. बाजारातून स्टीलचं एक छान पसरट भांडं आणलं. त्यात पांढऱ्या मोज्याचा पाय बुडवून दूध पिणारं पिल्लू तिला आत्ताच दिसू लागलं होतं.

एका संध्याकाळी जाईआत्या एसटीने आली. पिशवीत तुरीची डाळ, अंबाडीची भाजी आणि डोक्यात शंभर प्रश्न. घरमालकाला विचारलं काय? नागपूरला लेकीकडे जाशील तेव्हा पिल्लू कुठे राहील? ते आजारी पडलं तर सुट्टी कोण काढणार? मायाकडे प्रत्येकाला एकच उत्तर होतं, होईल काहीतरी. लसींचा विषय निघाला तेव्हा ती हसून म्हणाली की गावचं कुत्रं कधी दवाखान्यात जातं का? आत्या शांतपणे म्हणाली की जात नाही, म्हणूनच अर्धी पिल्लं मरतात आणि त्यांचं कुणी मनावर घेत नाही. चांदीला तिने लसही टोचून आणली होती, आणि हे वेत सरलं की तिचं ऑपरेशनही करणार होती.

रात्री जेवताना तिने मायाला सांगितलं, "उद्या तू रोजच्यावानी ऑफिसात जाय. बाहेरून कुलूप लाव. पिल्लू जसं राहीन, तसं मी एक दिवस राहून पाहतो."

मायाने हसण्यावारी नेलं. सकाळी मात्र आत्या खरंच भिंतीला टेकून बसलेली. मायाने तिच्यासाठी वरण-भात, भाजी झाकून ठेवली, तर आत्याने ते झाकण उघडायलाच नकार दिला. पिल्लासाठी जे ठेवून जाशील तेच ठेव, म्हणाली. शेवटी त्या नव्या भांड्यात दूध-पोळी ठेवली, शेजारी पाणी. निघताना सवयीने मायाचा हात कुलरच्या बटणाकडे गेला आणि थांबला. अकोल्यात नळ येतो केव्हातरी, कुलरला पाणी पुरवून पुरवून वापरावं लागतं, म्हणून ती रोज तो बंद करून जायची. "रोज बंद करतं ना? कर मंग," आत्या म्हणाली. माया नाही नाही म्हणत राहिली, पण म्हातारीपुढे कुणाचं चाललंय? मागच्या दाराला आतून कडी होती, वाटलं तर आत्या बाहेर पडू शकली असती, एवढ्याच भरवशावर मायाने कुलूप लावलं.

ऑफिसात तिचं कशातच लक्ष लागेना. दुपारी खिडकीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तिने आत्याला फोन केला. वाजत राहिला, आत्याने उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. निघायच्या वेळी साहेबांनी बैठक लावली. रोजही लावायचे, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला कळलं की आपण रोज किती उशिरा घरी जातो.

घर गाठलं तेव्हा दिवे लागले होते. तिने घाईघाईने कुलूप काढलं, दार ढकललं, तर ते अडलं. आत्या दाराला लागूनच जमिनीवर बसली होती. दाराखालच्या फटीतून थोडी झुळूक येत होती, म्हणून. चेहरा लाल झालेला. दूध नासलं होतं, पोळीला मुंग्या लागल्या होत्या, पाण्याचं भांडं कोरडं होतं.

मायाला पाहताच आत्याचा चेहरा उजळला. केवढा आनंद होता तो! ज्या आनंदासाठी माया महिनोन्‌महिने झुरत होती, तोच आनंद दारात तिची वाट पाहत बसला होता. आणि मायाला त्याच्याकडे बघवेना. तिने आत्याला उठवलं, पाणी दिलं, कुलर लावला आणि तिच्या पायाशी बसून म्हणाली, "फोन तरी उचलायचा होता, आत्या. जीव टांगणीले लागला माहा."

"पिल्लाले फोन उचलता येते काय?" आत्या म्हणाली. मग तिने ओल्या पदराने तोंड पुसलं. "तुले वाट पाहणारं कोणी पाहिजे, हे समजते माय मले. आमचे मालक गेले तवापासून मले बी पाहिजे. पण वाट पाहणं काय असते, ते आज कुलपाच्या आत बसून पाह्यलं. मले ठाऊक होतं का तू सांजीले येशीन. त्या पिल्लाले हे कोण सांगन? त्याले दररोज वाटन का आता कोणी येत नाही."

माया ओंजळीत तोंड झाकून रडली. घर खायला उठतं, मी काय करू, असं तिने विचारलं. आत्याने तिला उपदेशाचे डोस पाजले नाहीत. डोक्यावरून हात फिरवत राहिली. संघपालची बदली होऊ दे, दोघं एका घरात राहायला लागा, शाळा सुटली की तो तरी लवकर घरी येईल, मग ये, चांदीच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या पिल्लाला घर लागेलच, एवढंच ती म्हणाली.

पांढऱ्या मोज्याचं पिल्लू वलगावातच नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेत गेलं. तिथे त्यांची बायको मैनाबाई दिवसभर असते. ते जायच्या दिवशी माया मुद्दाम गेली. स्वतः त्याला दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली आणि स्टीलचं भांडं मैनाबाईच्या हाती दिलं. पिल्लू थोडा वेळ तिच्या मांडीवर बसलं, ओढणी चघळली. मग मैनाबाईने हाक मारली आणि ते टुणकन उडी मारून तिच्याकडे पळालं. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मायाला फार लागलं ते, आणि त्यातच बरंही वाटलं.

बंधू-भगिनींनो, हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. मोल असतं. आपण ते दिलं नाही तर मुका जीव देतो, बंद दारामागे, आपल्याला दिसणारही नाही असं. पिल्लू घरी आणण्याआधी त्याच्या जागी एक दिवस बसून पाहा. दूध-पोळी कुणीही घालेल. आपला वेळ द्यायची ऐपत असेल, तरच आणा.

पिल्लाला निरोप देऊन त्या संध्याकाळी माया अकोल्याला परतली आणि किल्ली फिरवून दार ढकललं. दार अडलं नाही. बशी जागच्या जागी होती, घर तसंच गप्प होतं. तिला पुन्हा रडू आलं. पण दाराआड वाट बघून थकलेलं कुणी नव्हतं. तिने ओढणीचा चघळलेला कोपरा हातात धरला आणि तशीच बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली.