कपाटातला पहारेकरी

मी घरातला कॉम्प्युटर बोलतोय. खिडकीखालच्या टेबलावरचा, ज्याला उठता-बसता "अरे, हल की आता!" असं सुनावलं जातं, तोच. माझा पंखा घरघरतो, डब्याची एक बाजू दोरीने बांधलेली आहे आणि कीबोर्डावरची चार अक्षरं पार पुसून गेली आहेत. पण माझी आठवण शाबूत आहे, आणि सांगायचंय ते सांगितल्याशिवाय बंद पडायचं नाही, असं मी ठरवलंय.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. डबा एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, हार्ड डिस्क तिसरीकडची. दुकानदाराने मला तासाभरात जोडलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "घरच्या कामाला वाघ आहे." वाघ वगैरे मी कधीच नव्हतो. पण पहिल्याच दिवशी केलेलं कौतुक कोण नाकारतं?

ज्या घरात मी आलो, तिथल्या आई बूट बनवतात. दुकानात मांडलेले जोड ज्यांच्या पायांना होत नाहीत, अशांसाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाचा घोटा सुजलेला. माणूस आला की आई त्याला कागदावर उभं करतात, गुडघे टेकून पायाभोवती पेन्सिल फिरवतात आणि दुखरी जागा लाल रंगाने भरतात. मग तो कागद स्कॅनरवर ठेवून माझ्या पोटात घालतात, खाली टीप लिहून. "पोस्टमन. डावी टाच घासते. विचारलं तर दुखत नाही म्हणतात, विश्वास ठेवू नये." अशी तीनशेच्या वर माणसं माझ्याकडे पायांनिशी राहायला आली.

यादीत सगळ्यात वर होतं 'अप्पा'. अप्पा म्हणजे आईंचे वडील. लाकडाच्या वखारीत ओंडका पडून त्यांचा उजवा पाय दोन बोटं आखूड झाला होता. लोक हसतात म्हणून त्यांनी बाहेर पडणं सोडलं होतं. आईंनी आयुष्यातला पहिला बूट त्यांच्यासाठी केला, आणि अप्पा पुन्हा रस्त्याने चालू लागले. मी या घरात आलो तेव्हा ते नव्हते. त्यांच्या पायाचा कागद तेवढा होता, घड्या पडलेला. तो आईंनी सगळ्यात आधी माझ्याकडे दिला. हळूहळू सगळे कागद दिले आणि खोलीत जागा व्हावी म्हणून जुना गठ्ठा, अप्पांच्या कागदासकट, रद्दीत घातला. केवढा हा विश्वास! माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मग घरात वाद निघाला, की मला व्हायरसपासून राखायला पहारेकरी कुठला ठेवायचा. विकतचा अँटीव्हायरस की फुकटचा?

बाबा बसगाड्या दुरुस्त करतात. त्यांचं मत ठाम होतं. "फुकटचा ब्रेक लावून मी गाडी रस्त्यावर सोडीन का? विकतचाच आणायचा."

आईंचा भाऊ, म्हणजे या घरचा मामा, सोफ्यावर लवंडला होता. तो म्हणाला, "दाजी, घरच्या कॉम्प्युटरला काय लागतं? फुकटचा भरपूर झाला. माझ्याकडे चार वर्षं तोच आहे, एक शिंक नाही आली."

"तू त्याच्यावर पत्ते खेळतोस," बाबा म्हणाले. "हिचं काम आहे त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी बाबांनी खरोखर विकतचा आणला. चकचकीत खोका, वर ढालीचं चित्र. आईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मागे लिहिलं होतं, सुरू केल्यापासून एक वर्ष चालेल.

"अहो, म्हणजे उघडला की वर्ष सुरू होणार?"

"हो, मग?"

"मग आत्ताच कशाला उघडायचा? सध्या काही झालेलं नाही. व्हायरस आला की काढू."

आणि तो खोका गेला कपाटात, पाहुण्यांसाठी जपलेल्या काचेच्या पेल्यांच्या मागे. चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, ही या घराची रीत. चांगल्या चादरी कपाटात, चांगली कात्री कपाटात, आणि माझा पहारेकरीही कपाटात. मी खोलीच्या या टोकाला, तो त्या टोकाला. कपाटाच्या दाराला कुलूप. मला हसावं की रडावं ते कळेना.

"तोवर फुकटचा असू दे," म्हणत मामाने एक बसवून दिला. मी त्याचं नाव फुकट्या ठेवलं. कामाला प्रामाणिक होता बिचारा. फक्त दर थोड्या वेळाने कोपऱ्यातून डोकं वर काढायचा, "मला विकतचा करून घ्या ना!" आई त्याला माशीसारखं हाकलायच्या. पुढे ताईने, म्हणजे आईंच्या मुलीने, कॉलेजात ऐकून आणखी एक फुकटचा बसवला. एकापेक्षा दोन बरे, हा तिचा हिशेब.

दोन बरे? दोघांनी एकमेकांनाच चोर ठरवलं! एकाने फाइल तपासायला घेतली की दुसरा तिच्यावर झडप घालायचा. त्यांच्या मारामारीत माझ्या नाकीनऊ आले. एक पाऊल स्कॅन व्हायला इतका वेळ लागायचा, की समोर उभं राहिलेलं माणूस खुर्ची मागायचं. शेवटी आई वैतागल्या. रोज सकाळी काम सुरू करताना दोघांनाही बंद करू लागल्या. काम संपलं की चालू करायचे, असं ठरलं होतं. कधी करायच्या. बहुतेक वेळा विसरायच्या.

आता घरात तीन पहारेकरी होते आणि दारात एकही नव्हता.

ती मंगळवारची सकाळ होती. चामड्याच्या व्यापाऱ्याच्या नावाने ईमेलवर पत्र आलं. 'नवीन माल सोबत जोडला आहे.' नाव बरोबर होतं, पत्त्यात एक अक्षर वेगळं होतं. मला ते दिसलं, पण मला कोण विचारतो? आईंच्या एका हातात गोंदाचा ब्रश होता. दुसऱ्या हाताने त्यांनी जोडलेली फाइल उघडली. पडद्यावर काहीच आलं नाही. "रिकामंच पाठवलंय," म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या.

रिकामं नव्हतं ते. व्हायरस आत शिरला होता. त्याने मला हुकूम सोडला, की पहिल्यापासून एकेक फाइल घे, तिचा चोथा कर आणि कुलूप लाव. पहिली फाइल अप्पांची होती.

मला नाही म्हणता येत नाही. हुकूम आला की पाळायचा, असंच मला बनवलंय. अप्पांच्या पायाची ती पेन्सिलीची रेघ माझ्याच पोटात, माझ्याच हाताने विस्कटली. तेवढ्या वेळात मला जे वाटलं, ते कुठल्याही यंत्राला वाटू नये.

पण पाळायचं, तर सावकाश पाळायचं, एवढं माझ्या हातात होतं. मी हट्टाला पेटलो. पंखा जोरात घरघरवला. डिस्क कण्हायला लावली. आठ वर्षं ज्या मंदपणासाठी बोलणी खाल्ली होती, तो सगळा पणाला लावला. एकेका पायाला मी इतका वेळ लावला, की त्या चोरालाही माझा कंटाळा आला असेल.

दुपारी ताई कॉलेजातून आली. "आई, हा असा का ओरडतोय?" म्हणत ती पडद्याजवळ वाकली. तिच्या डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत होती. तिने एक क्षण पाहिलं आणि भिंतीतली पिनच उपटली.

त्यानंतरचं मला दुसऱ्या दिवशी, दुरुस्तीवालीच्या टेबलावर समजलं. माझी डिस्क काढून तिने आपल्या यंत्राला जोडली होती. शेजारी आई आणि बाबा बसले होते. आईंच्या हातात कपाटातला तो खोका होता, छातीशी धरलेला.

"हा आता लावता येईल ना? विकतचा आहे. अजून उघडलासुद्धा नाही."

दुरुस्तीवालीने खोका फिरवून पाहिला आणि परत दिला. "काकू, हा दिलेल्या तारखेच्या आत सुरू करायचा होता. ती केव्हाच होऊन गेली. आणि चालला असता, तरी लागलेलं कुलूप त्याला उघडता येत नाही. त्याचं काम आधीचं."

बाबांनी आपली खुर्ची आईंच्या जवळ ओढली.

"किती गेले?" आईंनी विचारलं.

"नव्वदेक. बाकीचे दोनशेहून जास्त सुखरूप आहेत. तुमचा कॉम्प्युटर इतका संथ आहे म्हणून वाचले, नवा असता तर सगळं साफ झालं असतं."

इतक्या वर्षांत माझं असं कौतुक पहिल्यांदाच झालं. पण आईंनी ते ऐकलंच नाही. त्या यादीचं वरचं टोक पाहत होत्या. "बाकीचे लोक येतील गं पुन्हा. परत उभे राहतील कागदावर. अप्पा कुठून येणार?" एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि बाबांनी त्यांच्या हातातला खोका हळूच काढून घेतला.

थोड्या वेळाने आईंनीच विचारलं, "मग आता खरं सांग. फुकटचा घेऊ की विकतचा?"

"फुकटचा वाईट नसतो," ती म्हणाली. "चालू असता तर बहुतेक त्यानेच ते पत्र अडवलं असतं. विकतच्यात फाइलींना कुलूप लावणाऱ्यावर जास्त नजर असते, आणि अडलं तर फोनवर विचारायला माणूस असतं. घरात नुसते फोटो-गाणी असती तर मी म्हटलं असतं, फुकटचा पुरे. तुमच्याकडे लोकांचे पाय आहेत. पण कुठलाही घ्या, एकच घ्या आणि बंद करू नका. आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती बाजूला ठेवा."

आई उठल्या. "विकतचा. आत्ताच, इथेच सुरू कर. घरी नेला तर माझा हात पुन्हा कपाटाकडे जाईल."

ताईच्या लॅपटॉपवर मात्र फुकटचाच राहिला, एकटा आणि चालू. माझ्याकडच्या दोन्ही फुकटच्यांची पाठवणी झाली. मी फुकट्याची माफी मागितली. त्याला कामच करू दिलं नव्हतं आपण.

घरी आल्यावर आईंनी कंबर कसली. एकेकाला फोन करून बोलावलं, कारण लपवलं नाही. माणसं आली. पोस्टमनचा कागद सुखरूप होता, तरी ते आले. "माझा पाय वाचला म्हणून काय झालं? टाच खरंच दुखते, ते लिहा," म्हणाले.

महिनाभरात यादी भरली. फक्त वरची एक ओळ रिकामी होती. एका सकाळी आईंनी स्टूल घेऊन माळा उघडला आणि एक पिशवी खाली काढली. तीत अप्पांचे शेवटचे बूट होते. उजव्याची टाच उंच, झिजलेली. त्यांनी आत हात घालून तळाचं चामडं अलगद सोडवलं. अकरा वर्षं एकाच माणसाने ते घातलं होतं. पाचही बोटांचे खळगे त्याच्यावर काळे उमटले होते, टाचेचा गोलही.

आईंनी ते स्कॅनरवर ठेवलं. मी घाई केली नाही. पडद्यावर वरून खाली, रेघेरेघेने अप्पांचा पाय आला. पेन्सिलीने काढलेला नव्हता हा, चालून चालून उमटलेला होता. आई बराच वेळ पाहत राहिल्या. मग खाली लिहिलं, "अप्पा. हसणाऱ्यांकडे न बघता चालायचे."

आता माझं वय झालंय. पहिल्यांदा ती वेगळी डिस्क आणली तेव्हा मला सवतीसारखी वाटली होती, आज तिच्याच जिवावर मी निर्धास्त आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी टेबलावर बसला असेल. त्याला पहारेकरी विकतचा द्या की फुकटचा द्या, तुमच्या कामाला शोभेल तो द्या. पण तो राखून ठेवू नका, दारात उभा करा. मी अजून रोज सकाळी घरघरत उठतो आणि यादी उघडतो. अप्पा सगळ्यात वर असतात.